पन्नासांचे मुखत्यारपत्र

'वर्ग' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. शाळेच्या एका खोलीत बसून शिकणारी मुले हा एक वर्ग, आणि समाजात सारख्याच पायरीवर उभी असलेली माणसे हा दुसरा. एरवी या दोहोंचा संबंध शब्दापुरताच असावयाचा. परंतु अव्वल इंग्रजी अमदानीत पुणे शहरी जो एक नवा वर्ग उदयास आला, त्याच्या बाबतीत पहिल्या वर्गातूनच दुसरा निघाला असे म्हणण्यास हरकत नाही. हा वर्ग कसा घडला, त्याने 'सार्वजनिक' हा शब्द कोणत्या गरजेपोटी प्रचारात आणला, आणि तो शब्द त्याच्या हातून इतरांच्या हाती कसा गेला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

युरोपातील पंडितांनी या विषयाचा पुष्कळ खल केला आहे. अॅडम फर्ग्युसन या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७६७ साली नागरसमाजाच्या इतिहासावर एक प्रख्यात निबंध प्रसिद्ध केला. (आमच्या पुण्यातील कॉलेजाला ज्याचे नाव आहे तो फर्ग्युसन हा नव्हे, तो मुंबईचा गव्हर्नर, आणि योगायोगाने तोही स्कॉटिशच.) पुढे १८२१ साली हेगेलने कुटुंब आणि राज्यसंस्था यांच्या मधले जे क्षेत्र, म्हणजे जेथे माणसे आपापल्या गरजांसाठी व्यवहार करतात, करार करतात, भांडतात आणि मंडळ्या स्थापतात, त्याला नागरसमाज म्हटले. मार्क्सने त्याच क्षेत्राची मुळे अर्थव्यवहारात शोधली, आणि तेथील समतेच्या आवरणाखाली वर्गावर्गांचा झगडा चालू असतो असे सांगितले. ही मते मोलाची आहेत. परंतु ती जशीच्या तशी उचलून आपल्याकडे लावू गेल्यास घोटाळा होतो. युरोपात व्यापारी आणि कारखानदार आधी सबळ झाले व मग त्यांनी सभा, वृत्तपत्रे आणि क्लब काढले, असे सामान्यतः मानले जाते. मुंबईचा प्रकार काहीसा असाच होता. तेथे शेटमंडळींच्या पदरी पैसा आधी आला, आणि १८५२ साली जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी प्रभृतींच्या पुढाकाराने बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली ती नंतर. पुण्यात मात्र पैसाही नव्हता आणि कारखानेही नव्हते. तेथे होते ते एक उतरणीला लागलेले राजधानीचे शहर, आणि त्यात आश्रयदात्यांवाचून उरलेला एक विद्याजीवी समाज.

या समाजाचा जुना आधार कोणता, हे पाहावयाचे तर पर्वतीच्या पायथ्याशी जावे लागते. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. सेनापती त्रिंबकराव दाभाडे १७३१ साली डभईच्या लढाईत पडल्यानंतर ती पेशव्यांकडे आली आणि पुढे अफाट वाढली. पर्वतीच्या रमण्यात ठिकठिकाणचे शास्त्री, वैदिक आणि भिक्षुक जमत, आणि लाखांनी रुपये वाटले जात. ही दक्षिणा घेणारा मनुष्य कोणाचा प्रतिनिधी नव्हता, आणि त्याला तसे असण्याची जरूरही नव्हती. त्याची योग्यता त्याच्या जन्मात आणि पाठांतरात होती. ती ओळखणारा धनी गादीवर बसलेला होता. दोघांच्या मध्ये तिसऱ्या कोणाचे काम नव्हते.

१८१८ साली पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनसाहेब मोठा धूर्त आणि तितकाच समंजस. त्याने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. वर्षास सुमारे पन्नास हजार रुपयांची रक्कम त्या कामी राखून ठेवण्यात आली, आणि १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. पुढे नवी नावे दाखल करणे सरकारने बंद केले, आणि जुने दक्षिणापात्र जसजसे मृत्यू पावत गेले तसतशी शिल्लक पडू लागली. या शिलकेचे काय करावे हा वाद पुण्यात १८४९ साली पेटला. लोकहितवादींसारख्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ करणारांस मिळावा. जुन्या मंडळींनी त्याविरुद्ध गहजब केला. सुधारकांच्या संरक्षणास ज्योतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. अखेर १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली, आणि त्याच साली पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निघाले. काही वर्षांनी तेच डेक्कन कॉलेज झाले, आणि तेथील हुशार पदवीधरांस मिळू लागलेल्या फेलोशिपीलाही 'दक्षिणा' हेच नाव राहिले. रमण्यातील दक्षिणेचा ओघ परीक्षेच्या खोलीत वळला, तो असा.

हा पालट सामान्य नव्हे. जुना शास्त्री आणि नवा पदवीधर हे पुष्कळदा एकाच घरातले, किंबहुना बापलेक असत. तरी त्यांच्या जगण्याची रीत निराळी होती. मुंबई विश्वविद्यालय १८५७ साली स्थापन झाले, आणि १८६२ साली त्याचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्यांच्या मागोमाग जे शेकडो लोक इंग्रजी शाळांच्या पायऱ्या चढले, ते कोणी मुन्सफ झाले, कोणी वकील, कोणी मास्तर, कोणी कचेरीतले शिरस्तेदार आणि कारकून. आज आपण ज्याला पांढरपेशा वर्ग म्हणतो तो हाच. यांच्यातील बहुतेकांच्या नावे जमीन फारशी नव्हती, आणि ज्यांना इनामे होती त्यांची इनाम कमिशनने १८५२ नंतर कसून चौकशी चालविली होती. तलवार तर केव्हाच गेली होती. सरकारदरबारी त्यांचे वजन ते काय? सरदार बोलला तर त्याच्या घराण्यामुळे ऐकून घेत; सावकार बोलला तर त्याच्या तिजोरीमुळे. पंचाहत्तर-शंभर रुपये पगाराचा शिकलेला मनुष्य बोलू लागला, तर साहेब सहज विचारी की, "तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?"

आमच्या मते पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा सारा इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तरातून निघाला आहे.

पर्वतीचे देवस्थान नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले. पेशवाई गेल्यावर त्याचा कारभार पंचांकडे आला होता. त्या कारभाराविषयी शहरात कुरबूर सुरू झाली, आणि तक्रार करावयाची तर ती शहराच्या नावाने कोणी करावयाची, असा पेच उभा राहिला. हा पेच सोडविण्याचे श्रेय गणेश वासुदेव जोशी या वकिलाचे. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, आणि जोशी पुढे 'सार्वजनिक काका' याच नावाने ओळखले जाऊ लागले. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर अशी सर्व प्रकारची प्रतिष्ठित मंडळी तीत आली. इतक्यावर थांबले असते, तर ही सभा इतर अनेक सभांसारखीच एक झाली असती. परंतु तिच्या नियमांत एक कलम असे होते, की ज्याला सभासद व्हावयाचे असेल त्याने निदान पन्नास सज्ञान माणसांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. आरंभी पंचाण्णव सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार माणसांच्या सह्या होत्या.

या कलमाकडे इतिहासकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, अशी आमची समजूत आहे. मुखत्यारपत्र हा कोर्टातला कागद. एखादी विधवा, एखादा परगावी गेलेला भाऊ, आपल्या मिळकतीची वहिवाट दुसऱ्याकडे सोपवितो तेव्हा तो हा कागद करून देतो. वकिलीच्या धंद्यात रोज हाताळला जाणारा हा कागद जोशांनी उचलला आणि त्याला राजकारणात आणून बसविले. कायदेकौन्सिलात लोकांनी निवडलेला एकही सभासद नव्हता, म्युनिसिपालिटीत सरकारने नेमलेले लोक बसत होते, अशा काळात पुण्यातील काही खाजगी गृहस्थांनी आपणहून आपणास निवडून घेण्याची ही युक्ती काढली. जन्माने मिळालेला अधिकार नाही, पैशाने मिळणारा नाही, मग तो सहीने मिळवावयाचा, असा त्यातला मतलब. दक्षिणा घेणारा शास्त्री धन्याकडे बघून बोलत असे. हा नवा मनुष्य पाठीमागच्या पन्नासांकडे बोट दाखवून बोलू लागला. एखाद्या वर्गाची घडण केवळ मिळकतीच्या आकड्यांवरून सांगता येत नाही, हे यावरून उघड होईल. हे वकील, मास्तर आणि पेन्शनर दुसऱ्यांच्या वतीने बोलू लागले आणि त्या बोलण्यातच त्यांना आपले ऐक्य सापडले.

आता ही पन्नास माणसे कोण? सही मागावयास जाणारा गृहस्थ आपल्या आळीत जाणार, आपल्या आप्तांकडे, आपल्या अशिलांकडे, कदाचित आपल्या कुळांकडेही जाणार, हे सांगावयास पाहिजे असे नाही. त्या कलमाने सभा खरोखर साऱ्या जनांची झाली असे कोणीही म्हणू नये. तथापि कागदावर का होईना, 'मी इतक्यांचा मुखत्यार आहे' असे एकदा लिहून दिले, की मुखत्याराला हिशेब देण्याची जबाबदारी चिकटतेच. मूळ मालक केव्हा तरी दाराशी येऊन हिशेब विचारील, ही भीतीही त्या कागदातच असते.

पहिल्या दहा वर्षांत सभेने हा हिशेब पुष्कळ अंशी चोख ठेवला, हे मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. १८७१ साली रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि त्यांच्या बुद्धीचा लाभ सभेस झाला. सरकारी नोकर असल्यामुळे ते पुढे बसत नसत, पण कागद त्यांच्या हातचे असत. सभेने एक पोटकमिटी नेमून शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली आणि १८७३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी आकड्यांना लोकांनी गोळा केलेल्या माहितीने उत्तर देण्याचा आपल्याकडील हा आरंभीचाच प्रयत्न. १८७६ ते १८७८ या दुष्काळाच्या वर्षांत सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून खबरी मागवून त्या सरकारपुढे मांडल्या. सार्वजनिक काकांनी १८७२ साली स्वदेशी कापडाचे व्रत घेतले होते. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते सभेच्या वतीने गेले, तेही त्या झगमगाटात जाड्याभरड्या खादीच्या पोषाखातच. १८७८ साली सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. तिकडे १८७५ पासून वसंत ऋतूत व्याख्याने होऊ लागली, १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. वीस वर्षे पंचाहत्तर रुपयांवर शिकविण्याची शपथ घेणारे आजीव सभासद याच वर्गातले होते. स्वतःच्या हिताच्या पलीकडे पाहणारी माणसे त्याने निर्माण केली नाहीत असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

पण मुखत्याराचे हित आणि मालकाचे हित जेथे फाकते तेथेच मुखत्यारपत्राची कसोटी लागते, आणि ती वेळ लवकरच आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव भडकले होते. ते उतरले, शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली, आणि कर्ज मात्र राहिले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून खते आणि दस्तऐवज ताब्यात घेतले व जाळले. हां हां म्हणता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. चौकशी कमिशन बसले, आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. या सर्व काळात सभेच्या कागदांत एक सूर सारखा ऐकू येतो, की रयतेच्या दैन्याचे मूळ सरकारच्या भारी साऱ्यात आहे. हे खोटे नव्हते. परंतु दैन्याचे दुसरे मूळ सावकाराच्या वहीत होते, आणि सावकार तर सभेच्या बैठकीत गादीवर बसलेला होता. रानड्यांसारख्यांस हे दिसत नव्हते असे नाही. शेतकी पेढी काढून रयतेस हलक्या व्याजाने पैसा मिळावा यासाठी त्यांनी वेडरबर्नसाहेबांबरोबर खटपट केली, आणि पुढे त्या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायाधीश म्हणून वर्षानुवर्षे झिजलेही. पण व्यक्तीचे शहाणपण वर्गाच्या अंगी लगेच उतरत नाही. १९०१ साली जमीन गैरशेतकऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून मुंबई सरकारने जमीनमहसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आणली, तेव्हा फिरोजशहा मेहता आणि गोखले कौन्सिलातून उठून गेले. सरकारच्या हेतूविषयी त्यांचा संशय अनाठायी नव्हता. तरी मुखत्यारपत्रावर आंगठा उठविणाऱ्या कुणब्याला त्या दिवशी काय वाटले असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

तो प्रश्न पुण्यात फार आधी विचारला गेला होता, आणि विचारणारा मनुष्य सभेच्या दारापासून चार आळ्यांवर राहत होता. ज्योतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. १८६८ साली, म्हणजे सार्वजनिक सभा निघण्याच्या दोन वर्षे आधी, त्यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला होता. 'सार्वजनिक' हा शब्द त्यांनी कागदावर पुढे लिहिला. हौदावर आधीच आणला होता. सभेच्या नावातील 'सार्वजनिक' शब्दावर त्यांचा मोठा कटाक्ष असे. जिच्यात माळी, कुणबी, महार, मांग नाहीत ती सभा सर्व जनांची कशी, हा त्यांचा सवाल अगदी साधा आणि म्हणूनच उत्तर देण्यास कठीण. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले, त्यात रयतेच्या करावर वरच्या जातींची मुले शिकतात आणि रयत मात्र अक्षरशत्रू राहते, असे सरकारच्या तोंडावर सांगितले. आमच्या आरंभीच्या शब्दांत सांगावयाचे तर, शाळेच्या वर्गात कोणास बसू दिले यावरून समाजातले वर्ग ठरत आहेत, हे वर्म त्यांनी अचूक ओळखले. त्यांच्या शेवटच्या ग्रंथाच्या नावातही 'सार्वजनिक' हा शब्द आहे, तो काही सहज आलेला नव्हे.

फुल्यांच्या चळवळीची चर्चा करताना तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे बहुधा दुर्लक्ष होते. ते अन्यायाचे आहे. फुले स्वतः कंत्राटदारी करीत. समाजाला मुंबईतून मोठा हात दिला तो तेलुगू कामाठी कंत्राटदारांनी. रस्ते, पूल, धरणे आणि इमारती यांच्या कामांत पैसा मिळविलेला हा दुसराच एक मध्यमवर्ग होता. त्यालाही इंग्रजी राज्यानेच जन्म दिला, पण कचेरीच्या वाटेने नव्हे, खाणीच्या आणि चुन्याच्या वाटेने. एकाच राज्यात, एकाच शहरात, दोन नवे वर्ग शेजारी शेजारी घडत होते, आणि दोघांनाही आपले अस्तित्व सिद्ध करण्यासाठी सभा, अर्ज आणि वर्तमानपत्र हीच तीन हत्यारे सापडली. 'दीनबंधु' पत्र १८७७ साली पुण्यात कृष्णराव भालेकरांनी काढले. १८८० पासून ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे चालवू लागले.

लोखंड्यांचे चरित्र तर या विषयाला फारच उपकारक आहे. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. मागण्या कोणत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि पगार वेळेवर. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज घरोघरी जो रविवार आपण निवांतपणे भोगतो त्याच्या मागे हा अर्ज आहे, याची आठवण किती जणांना असते कोण जाणे! पुण्यामुंबईची पुष्कळशी राष्ट्रीय वृत्तपत्रे त्या वेळी कारखान्यांच्या कायद्यांस विरोध करीत होती, कारण त्यांना त्यात मँचेस्टरचा कावा दिसत होता. कावा असेलही. परंतु ज्याची पाठ मोडत होती त्याने आपले मुखत्यारपत्र परत घेतले आणि आपल्याच माणसाच्या हाती दिले. साडेपाच हजार सह्या म्हणजे सार्वजनिक सभेच्या हिशेबाने एकशेदहा सभासदांचे भांडवल. लोखंड्यांनी ते एका अर्जात आणले.

स्त्रियांचे तर मुखत्यारपत्र कोणी मागितलेच नव्हते. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, आणि त्याच साली ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध झाली. पांढरपेशांच्या घरात शिकणे बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत पोचले की तेथेही सभा भरते, हे त्या वेळच्या पुरुषमंडळींना जरा उशिरा उमगले.

इकडे मूळ सभेत काय झाले? १८९५ साली टिळकपक्षाने निवडणुकीत बहुमत मिळवून सभा ताब्यात घेतली, आणि रानडे-गोखले यांनी १८९६ साली डेक्कन सभा वेगळी काढली. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या सभेने खेडोपाडी माणसे पाठवून दुष्काळाच्या कायद्याची माहिती शेतकऱ्यांना दिली, सारा तहकूब करून मागण्याचा हक्क समजावून सांगितला. तेव्हा सरकारने १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेतली. पन्नासांचे मुखत्यारपत्र आणणारी माणसे दिवाणखान्यात बसून अर्ज करीत होती तोवर ती सरकारला चालत होती. मुखत्यार मालकाच्या शेतावर जाऊन त्याला त्याचे हक्क सांगू लागला, तेव्हा ती खपेनाशी झाली. मतभेद काहीही असोत, या एका कामात टिळकपक्षाने सभेचे मूळ कलम तिच्या जन्मदात्यांहून अधिक गंभीरपणे घेतले, असे आम्हास वाटते. त्याच सुमारास 'सार्वजनिक' हा शब्द गणेशोत्सवाबरोबर रस्त्यावर आला आणि मांडवामांडवांत मेळे गाऊ लागले. पुढे १९२० नंतर ब्राह्मणेतरांनी त्याच रस्त्यावर आपले छत्रपती मेळे उभे केले. एकदा रस्ता सार्वजनिक झाला, की त्यावर कोणी गावे हे ठरविणारे पंच उरत नाहीत.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०२ साली आपल्या संस्थानातील नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या जातींसाठी राखून ठेवल्या आणि त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. पुण्यात जो वर्ग सत्तर-ऐंशी वर्षांत आपोआप घडल्यासारखा दिसत होता, तो घडविता येतो हे त्यांनी दाखवून दिले. शाळा, राहण्याची सोय आणि नोकरी, ही तीन सूत्रे एकत्र आली की नवा वर्ग उभा राहतो, आणि तो उभा राहिला की त्याची सभा, त्याचे पत्र आणि त्याचा पुढारी मागोमाग येतो. अस्पृश्यांना यांपैकी काहीच सुलभ नव्हते. तरी लष्करातील पेन्शनर आणि बटलर-शिपायांच्या नोकऱ्या करणारे लोक त्यांच्यातही होते, आणि लिहिणेवाचणे त्यांच्याच घरांत आधी शिरले. १९०८ साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातच 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढले. डॉक्टर आंबेडकरांनी १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. त्याआधी १९२३ साली रावबहादुर बोल्यांच्या ठरावाने मुंबई कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या होत्या. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोक पाणी प्यावयास गेले, तेव्हा त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, हा ठराव होता. वरच्या जातींच्या लोकांनी कोर्टात धाव घेतली ती हे तळे सार्वजनिक नसून वहिवाटीने आमचे आहे असे म्हणत. खटला दहा वर्षे चालला, आणि १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. ज्या शब्दाचा अर्थ १८७० साली सह्या गोळा करून ठरविण्यात आला होता, तो आता न्यायाधीशांनी साक्षीपुरावे घेऊन ठरविला.

आणि पर्वतीचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे अनुयायी देवदर्शनासाठी पर्वतीच्या पायऱ्या चढू लागले. त्यांच्याबरोबर एस. एम. जोशी यांच्यासारखे काही पांढरपेशा घरांतले तरुणही होते, आणि वर वाट अडवून उभे असलेले पुष्कळ जण त्याच पेठांतले होते. दरवाजे लावून घेण्यात आले. सत्याग्रहींवर दगडांचा मारा झाला. सार्वजनिक सभा जन्मास आली ती या देवळाचा कारभार कोणाच्या वतीने चालतो हे पंचांना विचारण्यासाठी. एकोणसाठ वर्षांनी तेच विचारावयास दुसरी माणसे आली होती. सत्याग्रह पुढे काही महिने चालला. दरवाजे उघडले नाहीत. हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांताने १९४७ साली केला.